कुऱ्हाडीच्या पिक्चरचं कथासार

त्या साली आमच्या चाकूरकडं विहिरीत पाणी साठत नव्हतं, हौदात साठत नव्हतं, साठत होते ते फक्त किस्से! मी पत्र्याच्या टॉकीजीत डोअरकीपर होतो. दारावर उभ्या राहणाऱ्या माणसाला आतलंही ऐकू येतं आणि बाहेरचंही, त्यामुळं त्याच्याकडं जरा जास्तच जमतात.

पण एका पिक्चरचे किस्से असे आहेत की ते सांगताना अजूनही माझं डोकं गरगरतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस पडायचं विसरून गेला होता, तेव्हाची गोष्ट.

टॉकीजीत आम्ही मोजून चौघं. मालक अण्णा. मशीन चालवणारे गफूरमामू, वीस वर्षं त्याच केबिनमध्ये. बोर्ड रंगवणारा दिगू. आणि दारावर मी, वामन. आत शेंगा-फुटाणे विकणारी हौसामावशी धरली तर पाच. पिक्चर भुताचा होता. नाव कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. सगळं गाव त्याला ‘कुऱ्हाडीचा’ म्हणायचं.

*

आमचा शो दुपारी तीनचा, आणि टँकर यायचा तोही दुपारीच, त्याच्या मनाला येईल तेव्हा. मग लोक पिक्चरला येणार कसे? अण्णांनी दिगूकडून एक काचेची स्लाइड रंगवून घेतली. ‘टँकर आला.’ बाहेरून दिगूनं शिट्टी मारली की मामू ती स्लाइड पडद्यावर टाकायचे आणि अर्धी टॉकीज उठून पळायची.

पिक्चर मात्र थांबायचा नाही. लोक पाणी घरी टाकून परत यायचे. फुकटे घुसू नयेत म्हणून अण्णांनी नियम केला, परत आत येताना तिकीट नाही, ओली घागर दाखवायची!

घागर दाखवून प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारायचा, "कोण मेलं?"

मी दाराच्या फटीतून जेवढं दिसलं तेवढं सांगायचो. "ती चष्मेवाली गेली बगा."

"आन हिरोईनचा मामा?"

"मामा मघाच गेला. पर आता परत आलाय."

"आसं कसं?"

"मला काय माहीत? बसून बगा!"

*

भूत पहिल्यांदा विहिरीतून वर येतं, तो सीन दिग्दर्शकानं फार जीव लावून केला असणार. धूर, विजा, घुबड. पाण्यातून आधी कुऱ्हाड निघते, मग हात.

मला वाटलं, आता बायका किंचाळणार. टॉकीजीत चिडीचूप. आणि मागून एक म्हातारं कळवळून बोललं, "आरं, पानी बग! काठाला लागलंय की!"

पुढच्या शोपासून तेवढ्या सीनसाठी लोक उभं राहून बघायला लागले. कुऱ्हाडीकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

*

गोंधळ मात्र पहिल्या दिवसापासून होता. पिक्चर सुरू झाला तोच हिरोईनच्या मामाचा खून. मग तो मामा बसमध्ये बसून गाणं म्हणतो. नट-नट्यांची नावं इंटरव्हलनंतर आली! अण्णा म्हणाले, "नवी फॅशन आसंल."

मामूंना काही पत्ता नव्हता. ते पिक्चर बघायचेच नाहीत, मशीनमधली कार्बनची काडी बघायचे. ती विझली की पडदा काळा.

चहाच्या हॉटेलात रोज चर्चा. कोण जिवंत, कोण भूत? शाळेतल्या गुरुजींनी फळ्यावर सगळ्यांची वंशावळ काढली आणि पुसली. शेवटी हौसामावशीनं शेंगा मोजता मोजता निकाल दिला, "लई सोपं हाय. गानं म्हनून जो मरतो त्यो मानूस. मरून जो गानं म्हनतो ते भूत!"

हा नियम लावून बघितला तर पिक्चरमध्ये सात भुतं निघाली. लोकांना फार आवडलं. टॉकीज फुल्ल!

*

आठवड्यानं शेजारच्या जिल्ह्यातल्या लोहा गावचा एक पाहुणा सासुरवाडीला आला आणि तिकीट काढून बसला. आमच्या आधी पिक्चर लोह्यालाच लागला होता. रिळांची पेटी तिथूनच एसटीच्या टपावरून आमच्याकडं आली होती.

पाहुणा इंटरव्हलला ओरडतच बाहेर आला. "काय दाखवून राहिलात तुम्ही? लोह्यात एकच भूत होतं! डाकबंगल्याचा वॉचमन. त्याला विहिरीत ढकलून मारलं, म्हनून त्यो मारत सुटतो. सरळ गोष्ट हाय! हितं सगळेच भूत कामून?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तुमचा जिल्हा निराळा. आमचा जिल्हा नवा हाय!"

*

पण मामूंच्या मनात किडा शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी चौदाही रिळं खिडकीशी नेऊन उजेडात धरली, फिल्मच्या टोकाला खरवडलेले नंबर बघितले आणि डोक्यावर हात मारला. "या अल्ला! सब उल्टा-पुल्टा!"

कारण निघालं ते असं. टँकरच्या रांगेत जागा धरायला लोक घागर, वीट, चप्पल, काही ना काही ठेवायचे. ठेवलेली घागर मात्र चोरीला जायची. म्हणून पेटी आली त्या दिवशी दिगूनं रिळांच्या चौदा डब्यांची नुसती झाकणं काढली, रांगेत मांडली आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले. आमच्या पाच घरांची आणि शेजारच्या नऊ घरांची सोय! भांडण नको म्हणून प्रत्येक झाकणावर लाल रंगानं ठळक नंबरही टाकला. पाणी भरून झाल्यावर झाकणं हाताला येतील तशी डब्यांवर बसवून टाकली.

मामू झाकणावरच्या नंबरानं रीळ लावायचे. म्हणजे आठवडाभर आमच्या गावानं पिक्चर बघितला तो टँकरच्या रांगेच्या हिशेबानं!

मामूंनी रिळं सरळ लावली. अण्णांनी उलटी करायला लावली. "सरळ पिक्चर लोह्यात चार दिस चालला न्हाई. ऱ्हाऊ दे उलटाच!"

मामूंनी रिळं पुन्हा उलटी लावली. पण दोन दिवस जेवणाचा डबा न उघडता घरी नेला. मला फार वाईट वाटलं. वीस वर्षांत त्या माणसानं एक रीळ उलटं लावलं नव्हतं.

*

आता खरं संकट. टॉकीजीचं लायसन जुन्या जिल्ह्याचं होतं, ते नव्या जिल्ह्यात बदलून घ्यायचं होतं. त्यात कुणीतरी कचेरीत अर्ज टाकला, ‘सदर टॉकीजीत मेलेली माणसे जिवंत करून दाखवतात, त्यामुळे पाऊस पडत नाही.’ लगेच लातूरहून कागद आला. चित्रपटाचं कथासार तीन प्रतींत पाठवा. साहेब जातीनं येऊन ताडून बघतील. फरक निघाला तर लायसन नाही.

लायसन नाही म्हणजे टॉकीज बंद. अण्णांची शेती होती. मी नोकरीसाठी अर्जबिर्ज करत होतो, दिगूचा हात कुठंही चालला असता. मामूंना मात्र त्या मशीनशिवाय दुसरं काहीच येत नव्हतं. वय पंचावन्न. ते मला म्हणाले, "वामन, मशीन बंद हुआ तो मैं क्या करूं? शेंगा विकू?"

कथासार लिहायचं माझ्याकडं आलं, कारण मी मॅट्रिक पास. गाव बघत होतं तोच पिक्चर मी लिहिला. ‘सुरुवातीलाच मामांचा खून होतो. त्यानंतर मामा सहलीस जातात.’ तीन प्रती करताना तीन वेळा मलाच भोवळ आली.

*

साहेब आले जीपमधून. कडक इस्त्री, हातात पेन्सिल, कथासाराची प्रत मांडीवर. अण्णांनी त्यांना पंख्याखाली बसवलं आणि मला शेजारी उभं केलं.

पिक्चर सुरू झाला. पडद्यावर नट-नट्यांची नावं आली! मी केबिनकडं बघितलं. छोट्या खिडकीतून मामूंचा चेहरा दिसला, एकदम शांत. मला कळलं. मामूंनी रिळं सरळ लावली होती. साहेबासमोर तरी पिक्चर नीट दाखवायचा, मग टॉकीज राहो नाहीतर जावो! राग आला आणि माणसाचं कौतुकही वाटलं, दोन्ही एकदम.

पहिलं रीळ गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यात मामा खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. साहेबांची पेन्सिल थांबली.

"काय हो वामनराव, हे मामा अजून मेले कसे नाहीत?"

"मरतील साहेब."

"कधी?"

"थोडा दम धरा साहेब. मानूस चांगला हाय, मरतोच."

"इथं तर सुरुवातीलाच लिहिलंय!" त्यांनी कागदावर रेघ मारायला पेन्सिल टेकवली. मागं अण्णांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बाहेरून दिगूची शिट्टी. पडद्यावर मामांच्या चहावरच अक्षरं आली, ‘टँकर आला.’

अर्धी टॉकीज उठली. साहेब दचकले. "हे काय? हे कथासारात कुठाय?"

मी म्हणालो, "हे पिक्चरमधलं न्हाई साहेब. खरंच आलाय."

साहेबांनी पेन्सिल खिशात खोचली आणि कथासार हातात घेऊन उठले. नव्या जिल्ह्याच्या गावात त्यांनी खोली घेतली होती, हे ड्रायव्हरनं मघाच सांगितलं होतं. तिथं लातुरात नळाला चार दिवस पाणी नव्हतं.

"जीपमध्ये कॅन आहे," ते हळूच म्हणाले आणि गेले.

चौथं रीळ संपलं. पाचवं संपलं. बायका-माणसं घागरी दाखवून परत यायला लागली. सगळ्यांच्या शेवटी साहेब आले. इस्त्री मोडलेली, पायजमा... नव्हे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. सवयीनं मी दारात हात आडवा घातला. साहेबाला अडवलं! माझाच मला धसका बसला, पण हात काही खाली येईना.

साहेबांनी निमूट कॅन वर करून दाखवला. ओला होता. त्याला झाकण नव्हतं. पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून त्यांनी कॅनच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबला होता, आणि त्या बोळ्यावर माझं अक्षर निळं होऊन ओघळत होतं.

मी हात काढला. साहेब आत आले, पडद्याकडं मान लांबवली आणि हलक्या आवाजात मला विचारलं,

"कोण मेलं?"