समोरचा पाट

गणपतीचे डोळे आखावेत ते चिमानंच, असं सगळं हमरापूर म्हणायचं. खरं तर त्याला माणसं दोन लागायची. चिमा ब्रश घेऊन मूर्तीजवळ, आणि मूर्ती घडवणारे शेजारचे दामूकाका समोर पाटावर, उद्या पूजा करणारा बसेल तिथं. ती बुबुळ जराजरा भरत न्यायची. देवाची नजर येऊन भिडली की काका म्हणायचे, "बघतोय गो, चिमे." तिथं तिनं हात उचलायचा. ही रीत दोघांनीच बसवलेली, आणि आळीत दुसऱ्या कुणाला ती जमली नाही.

मग मुंबईची व्हिडिओवाली पोरं आली. "डोळे कुणाच्या मदतीनं करता?" त्यांनी विचारलं. आता बाईला काय अवदसा आठवली, देव जाणे! "मदत कसली? मी एकटीच करते," म्हणाली. काका मागं दारातच चहा घेऊन उभे. त्यांनी पोरांना हसून चहा दिला. पण दुसऱ्या दिवशी पाटावर बसले नाहीत. "मी कशाला हवाय? एकटी करतेस ना," एवढंच बोलले. मुलगा धाटावच्या कंपनीत होता, त्याच्याकडे रोह्याला राहायला गेले.

माफी मागायला जायचं चिमाच्या रोज मनात यायचं. पण पाय निघेल तर शपथ! जाऊ शिमग्यानंतर, जाऊ दिवाळीनंतर. गिऱ्हाइकं खूश होती. तिला मात्र कळायचं, आपला देव माणसाच्या डोक्यावरून पलीकडे बघतो. नवऱ्याला, प्रवीणला, पाटावर बसवून पाहिलं. तो बसल्या बसल्याच म्हणायचा, "बघतोय, बघतोय. जेवायला वाढ."

यंदा मात्र तिनं शाडूची लहान मूर्ती रंगवली, डोळे तेवढे कोरे ठेवले, आणि मांडीवर घेऊन एसटीनं रोहा गाठलं. काकांच्या सुनेनं, शिल्पानं, दार उघडलं. काका भिंतीला धरून बाहेर आले. गुडघे गेले असतील, चिमाला वाटलं.

"काका, चुकले मी. डोळे आखायचेत. बसाल का समोर?"

"आलीस व्हय! अगो, कधीचं काय घेऊन बसलीस? शिल्पा, पाट दे."

काका ताठ बसले. चिमाचा जीव भांड्यात पडला. तिनं डबी उघडली, ब्रश बुडवला, हात जरा स्थिर केला.

"बघतोय गो, चिमे," काका म्हणाले.

मूर्तीचे डोळे अजून कोरेच होते. चिमानं दाराकडे पाहिलं. शिल्पानं मान हलवली, जवळ येऊन हळूच म्हणाली, "साखरेनं गेले डोळे. गेल्या गणपतीला थोडं दिसायचं. तेव्हा सारखे विचारायचे, चिमा आली का?"

गेल्या गणपतीलाही चिमा जाऊ जाऊच म्हणत होती.

"जमलं ना गो?" काकांनी विचारलं.

"व्हय काका, जमलं," ती म्हणाली. ब्रशावरचा काळा रंग तसाच सुकत गेला.