दुसऱ्या लेव्हलमधली खोली

“थांब, आधी हात फिरवून बघू.”

हे त्याचं जन्मभराचं बोलणं. भिंत डोळ्यांना कितीही सरळ दिसो, तळहात फिरल्याशिवाय तो मान डोलवायचा नाही. बाजारातला भोपळा असो की जावयाच्या नव्या घराची चौकट, आधी हात फिरायचा, मग तोंड उघडायचं. तो गवंडी. वाकडं काही खपायचं नाही, म्हणून कामावरचे त्याला ओळंबा म्हणत. दोरीला लोंबून भिंतीचा तिरकेपणा दाखवणारं वजन असतं ना, ते. नाव पडलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा रुसली की म्हणायची, “ओळंबेसाहेब, ताट वाढलंय.”

बायको त्याच्याच कामांवर असायची. त्यानं घातलेल्या स्लॅबवर पाइप घेऊन पाणी मारायची. तो खालून ओरडायचा, “अगं, कच्चं आहे अजून, उतर!”

ती वरून हसायची. “तुम्हीच घातलाय ना? मग स्वतःवरच भरवसा नाही होय?”

ओळंबा मात्र स्लॅब पक्का होईपर्यंत त्यावर पाऊल ठेवत नसे. त्याची वाट कायम खालून.

लेक लहान असताना टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं मशीन घरात आलं होतं. लेक सासरी गेली, मशीन मागे राहिलं. मग काम उरकून दोघं शेजारी खुर्च्या मांडत आणि खेळत. एका रिमोटवर त्याचा बाहुला, दुसऱ्यावर तिची बाहुली. एकाचा जीव गेला की दुसऱ्याची पाळी. पहिली लेव्हल मोकळ्या रानाची, ती कुणालाही जमते. दुसरी विटांच्या तळघराची. तिथं ओळंबा रेंगाळायचा. मागून राक्षस येतोय आणि हा भिंत बघतोय.

“बघ बघ, सांध्यावर सांधा आलाय! आमच्यात कुणी अशी वीट लावली असती तर लाथेनं पाडली असती मी.”

“तुमचा बाहुला पडला बघा. द्या आता माझी पाळी.”

एकदा तो हात धुवायला उठला. परत येतो तो ती हरखून बसलेली.

“अहो, खोली सापडली! दिवे लावलेली. राक्षस नाही, काही नाही. गाणंसुद्धा निराळं. आणि घड्याळ थांबतं तिथं.”

“तळघराला यायचं दार एक, जायचं एक. मधेच खोली कुठली?”

“करा चेष्टा. आता सांगतच नाही जा. गवंडी ना तुम्ही? शोधा.”

शोधीन म्हणाला आणि राहून गेलं. साधं वाटलेलं दुखणं तिला घेऊन गेलं.

तेव्हापासून तो ती खोली शोधत होता. एकेका विटेला खालून बाहुल्याचं डोकं आपटायचा, पोकळ लागते का पाहायचा. खेळ मात्र अजून दोघांचाच लावायचा. तिचा रिमोट तिच्या खुर्चीवर. आपला बाहुला मेला की तो हाताची घडी घालून बसे. तळघराच्या तोंडाशी बाहुली एकटी उभी राही. कोपऱ्यातलं घड्याळ सरत सरत संपे, ती आपोआप पडे, आणि मग त्याची पाळी येई. तिच्या पाळीत हात घालणं त्याला कधी जमलं नाही. घरात तेवढा वेळ पंख्याचाच आवाज.

आज लेक त्याला कायमचं न्यायला येणार होती. फोनवर तिनं बजावलं होतं, “बाबा, तो डबा आणू नका. आमच्या टीव्हीला त्याची वायरच बसत नाही.” म्हणून जेवण होताच तो खेळायला बसला. आज खोली सापडली नाही, तर बायको कायमची खोटी ठरणार होती.

शेजारची शिवणकाम करणारी बाई किल्ली घ्यायला आली. टीव्ही आणि मशीन तिच्याकडेच राहायचं होतं.

“काय ओळंबाभाऊ, अजून भिंतीच ठोकताय? बोचकं बांधलं का?”

“बांधलंय. बस.”

“वहिनींनी थाप मारली असेल हो.”

“थापा मारायची ती. पण घराबाबत नाही.”

एवढ्यात बाहुला खड्ड्यात गेला. बाहुलीची पाळी आली. बाहेर लेकीच्या गाडीचा हॉर्न वाजला. घड्याळ सरायची वाट बघायला आता सवड नव्हती. त्यानं खुर्चीवरचा रिमोट उचलला, धूळ पुसायला अंगठा फिरवला, आणि थबकला.

त्याच्या रिमोटवर पुढे जायचा बाण झिजलेला. तिचा बाण त्यामानानं कोराच होता. झिजलं होतं ते उडीचं बटण. अंगठा बसेल एवढा खळगा पडला होता त्याला.

“ही वर जात होती,” तो म्हणाला.

“कोण?”

त्यानं खुर्ची टीव्हीजवळ ओढली. तळघराच्या मध्यावर एक फळी पाळण्यासारखी वरखाली व्हायची. तो नेहमी तिच्यावरून पलीकडे, छताखाली उडी घ्यायचा. आज त्यानं बाहुलीला तिथवर नेऊन फळीवरच उभं ठेवलं. फळी वर गेली. छताच्या कडेशी आली. “कच्चं आहे गं,” तो पुटपुटला आणि उडीचं बटण दाबलं.

बाहुली स्लॅबवर उभी होती. डोकं पडद्याबाहेर, दिसत होते फक्त पाय. तसेच पाय तो आयुष्यभर खालून बघत आला होता. तो तिला सावकाश चालवत गेला. छत संपलं तिथं ती खाली उतरली. दिवे लागलेले. गाणं निराळं. घड्याळ थांबलेलं.

“अगंबाई,” शेजारीण म्हणाली. “आहे की!”

हॉर्न पुन्हा वाजला. ओळंब्यानं रिमोट बायकोच्या खुर्चीवर होता तसा ठेवला, बोचकं उचललं, किल्ली शेजारणीच्या हातात दिली.

“लगेच बंद करू नकोस.”

“किती वेळ ठेवू?”

“मी वळणापलीकडे जाईपर्यंत.”

गल्ली अरुंद, गाडी वळणावर थांबलेली. शेजारीण खिडकीशी उभी राहून बघत होती. मागे खोलीत ते गाणं चालू होतं. वळणावर कुणाचं तरी नवं बांधकाम निघालं होतं. तिथं तो थांबला, बोचकं खाली ठेवलं, ओल्या भिंतीवरून हात फिरवला. मग मान वर करून स्लॅबकडे बघितलं, बोचकं खांद्यावर घेतलं आणि वळणापलीकडे गेला.

शेजारीण बराच वेळ खिडकीतच होती. टीव्ही तिनं बंद केला नव्हता.