कोपराचा कौल

फेसवॉशच्या कारखान्यातल्या तपासनीस बाईंना सगळे कोपरताई म्हणत. नवा नमुना आला की त्या आधी घटकांची यादी वाचत, मग थेंबभर डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला चोळत आणि तीन दिवस वाट बघत. लाली आली की नमुना परत. बावीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय एक बाटली बाहेर गेली नव्हती, आणि त्याचा त्यांना नाही म्हटलं तरी तोरा होता.

यंदा जाहिरातवाल्यांच्या डोक्यात ‘शुद्ध सौंदर्य’ शिरलं. सौम्य फेसवॉशच्या बाटलीवर हिरवं पान आलं, ‘रसायनमुक्त’ आलं, जणू आतलं पाणी आभाळातून थेट बाटलीतच पडलं होतं. यादीत मात्र पाचव्या जागी लिंबाच्या सालीचं तेल ठाण मांडून बसलेलं. असलं सुगंधी तेल नाजूक कातडीला झोंबतं, हे कोपरताईंना पाठ होतं. त्यांनी साहेबांना तसं सांगितलंही. साहेबांनी विचारलं, तुमचं कोपर काय म्हणतं?

कोपर काहीच म्हणेना. तीन दिवस गेले, सहा गेले, कातडी होती तशीच. शेवटी त्यांनी यादीपेक्षा कोपरावर भरवसा ठेवला आणि सही ठोकली.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात केस कापायच्या दुकानात कामाला होती. दुकानात ही बाटली आली तेव्हा तिने कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, माझ्या आईने पास केलेली आहे. आठवड्यात तिच्या गालांवर चट्टे उठले. बाटलीवर लिहिलं होतं, सुरुवातीला त्वचा आतली घाण बाहेर टाकते, धीर धरा. पोरीने महिनाभर धीर धरला. घरी परतली तेव्हा पापण्या सुजून डोळे मिटले होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ही ॲलर्जी आता जन्माची, सुगंधी वस्तूंच्या आसपासही फिरकू नका. केसांच्या दुकानात बिनवासाचं काय असतं? हातातली कला संपली.

कोपरताईंनी तोच फेसवॉश उजव्या कोपराला लावला. दुसऱ्या दिवशी कातडी लालभडक. डावं कोपर बावीस वर्षांत मेलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. त्या तडक साहेबांकडे गेल्या. माल परत मागवा म्हणाल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागदावरची सही दाखवली आणि म्हणाले, पुढच्या नमुन्यापासून उजवं कोपर वापरा.

घरी लेक पडदे ओढून बसली होती. कोपरताई तिच्याजवळ बसल्या. मग उगाच रागावल्या, एवढी शिकलेली तू, बाटलीमागची यादी नाही वाचलीस?

“वाचायला तूच शिकवलंस, आई,” लेक म्हणाली. “तुझी सही होती, म्हणून नाही वाचली.”