थेंबही न सांडलेला पंप

कुणी विचारो न विचारो, अल्वार सांगायचाच, "माझ्या पंपावर पेट्रोलचा थेंब सांडला नाही कधी." पंप बंद पडून जमाना झाला होता. टाक्या जमिनीखाली तशाच होत्या, वर गवत माजलं होतं, पण ह्याचा टेंभा मिरवणं चालूच. स्वीडनमधला सगळा वार्मलँड प्रांत कंटाळला होता.

आता गावाने त्या जागेवर म्हाताऱ्यांसाठी बैठी घरं बांधायचं ठरवलं होतं. पहिलं घर अल्वारला आणि त्याच्या बायकोला, राग्नहिल्डला. तिचे गुडघे पार गेले होते. हे घर झालं नाही, तर दूर शहरातला वृद्धाश्रम, आणि तिथे दोघांना एकत्र ठेवतीलच असं नाही. अल्वारचा जीव टांगणीला लागला होता.

पण आधी माती साफ केल्याशिवाय तिथे बांधता येणार नव्हतं. जुन्या पंपांची माती साफ करायला सरकारी निधी मिळत होता, पण पेट्रोल गळलं-सांडलं असेल तिथेच. शेजारच्या गावच्या होल्गरच्या पंपावर तर इतकं सांडायचं की काडी ओढायची सोय नव्हती. त्याची जागा फुकटात लख्ख झाली, आज तिथे बेकरी आहे. नीटनेटक्या माणसाला मात्र ठेंगा!

निधीची तपासनीस एब्बा आली, तिने माती उकरली आणि कॉफीला बसली. टेबलावरच्या दालचिनी घातलेल्या गोड पावांभोवती निम्मं गाव जमलं होतं, होल्गरसुद्धा.

"आजोबा, टाक्या शाबूत आहेत. पण वरची माती काळी कशी?"

अल्वार ओशाळला. उन्हाळी नाचाच्या आधी, पोरींचे पांढरे झगे धुळीने मळू नयेत म्हणून तो पंपाच्या अंगणभर गाड्यांचं जळकं ऑइल शिंपडायचा. तेव्हा सगळेच शिंपडायचे. ह्याने एक कोपरा सोडला नव्हता, एवढंच.

"शिंपडलेलं ऑइल निधीत बसत नाही," एब्बा म्हणाली. "पेट्रोलचा अंश आहे, पण अगदी नावाला. भरताना सांडायचं का? तुम्ही म्हणालात तर तसं लिहिते."

अल्वारने राग्नहिल्डकडे पाहिलं.

"सांडायचं."

"कधीतरी?"

"रोज."

होल्गरने मांडीवर थाप मारली. "अखेर बोललास लेका! आणि जन्मभर आम्हाला शिकवत होतास!"

सगळे खदाखदा हसले. त्याच्या खऱ्यावर कुणाचा कधी विश्वास बसला नव्हता, आणि आयुष्यातलं पहिलं खोटं एका झटक्यात पटलं. अल्वारचे कान लाल झाले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राग्नहिल्डने जन्मभर त्याचे कामाचे कपडे धुतले होते. एक डाग तिला कधी सापडला नव्हता.

"मला विचार ना, पोरी," ती एब्बाला म्हणाली. "ह्याच्या कपड्यांचे डाग घासून घासून माझे हात झिजले."