लीव्हनचा सर्व्हर झोपलाय

जर्मनीतल्या लेअर गावच्या फोल्के यान्सनला नवरा नव्हता, मांजर नव्हतं, आणि अख्ख्या गावाकडे असलेलं ते मेसेजचं ॲपही नव्हतं. पहिल्या दोन गोष्टींवर गावाने बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं. तिसरीवरून मात्र अजून टोमणे चालायचे.

"तुला केकचा फोटो पाठवायचा तर काय कबुतर सोडू?" बेकरीवाली विचारायची.

"माझा पत्ता आहे की तुझ्याकडे. तू अकाउंट उघड फक्त," फोल्के म्हणायची.

बेकरीवालीने ते कधी उघडलं नाही. फोल्केनेही कधी हट्ट सोडला नाही. आयुष्यभर गावच्या वर्तमानपत्रात तिने प्रुफं तपासली होती. वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा घरी बसून विमा कंपन्यांची माहितीपत्रकं तपासू लागली. आणि उरलेला जीव तिने त्या खुल्या प्रोटोकॉलला लावला.

प्रोटोकॉल म्हणजे बोलण्याचा ठरवून घेतलेला रिवाज, दुसरं काही नाही. ईमेलसारखंच. माझं अकाउंट माझ्या सर्व्हरवर, तुझं तुझ्या सर्व्हरवर, तरी दोघांच्या गप्पा होतात. मधे कोणी मालक नाही. मालक नाही म्हणून जाहिरात नाही, आणि जाहिरात नाही म्हणून कोणाला पत्ता नाही. हे दुखणं कमी व्हावं म्हणून तो वापरणारी मंडळी दर महिन्याला एक वार्तापत्र काढायची. कुठल्या ॲपची नवी आवृत्ती आली, कोणी कुठला जुना दोष एकदाचा निस्तरला, पुढची बैठक कुठे, असलं सगळं त्यात असे. वाचणारे थोडे, पण वाचायचे ते अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

मूळ मजकूर लीव्हन लिहायचा, बेल्जियमात, गेंटमध्ये बसून. जर्मन आवृत्ती फोल्केची, इटालियन तूरिनच्या ओतावियाची. लीव्हन ट्रामच्या विजेची कामं करून निवृत्त झालेला, उंच, विसरभोळा माणूस. त्याचा सर्व्हर, म्हणजे एक छोटासा डबा, चपलांच्या कपाटात असायचा. बाकी सर्व्हरांनी विश्वास ठेवावा म्हणून एक प्रमाणपत्र असतं, ते वेळेत नवं करायला तो हटकून विसरायचा. मग त्याचा सर्व्हर दिसेनासा होई, आणि त्याच्याबरोबर तोही. मंडळी हसायची. दोन दिवसांनी त्याच्या नावापुढचा ठिपका पुन्हा हिरवा व्हायचा.

रविवारी दुपारी फोल्के आणि लीव्हन आपापल्या घरून एकच पान उघडून मजकूर घासूनपुसून घ्यायची. बाजूच्या खिडकीत गप्पा. ती तिच्या गावच्या रीतीने खडीसाखरेवर चहा ओतायची, वरून साय सोडायची आणि न ढवळता प्यायची.

"न ढवळता? अशी कशी गं तुम्ही माणसं," तो लिहायचा.

"घाई असेल त्याने ढवळावं," ती लिहायची.

घाई तिला कशाचीच नव्हती. तिथेच सगळं बिघडलं.

दर फेब्रुवारीत मंडळी ब्रुसेल्सला जमायची. विद्यापीठाच्या गार बोळात एक टेबल मांडायची, येणाऱ्याजाणाऱ्यांना स्टिकर वाटायची. यंदा निघताना दोघं टेबलक्लॉथची घडी घालत होती. कोपऱ्याला कोपरा जुळवताना लीव्हन जवळ आला आणि टेबलक्लॉथकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे वरची एक खोली रिकामी आहे. बागेकडची. तू राहायला ये ना. माझ्याकडे, म्हणजे... कायमची. लगेच सांगू नकोस. सावकाश सांग."

फोल्के या वयात कानापर्यंत लाल झाली. काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "तो सर्व्हर चपलांच्या कपाटातून बाहेर काढशील?"

"तू आलीस तर काढीन," तो म्हणाला.

परतीच्या गाडीतच तिचं मन 'हो' म्हणून मोकळं झालं होतं. पण सांगायचं कसं? दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात जिचा जन्म गेला, तिला स्वतःचं एक वाक्य जमेना. लिहायची, खोडायची. स्वल्पविराम काढायची, परत घालायची. मार्च गेला, एप्रिल गेला. लीव्हनने एकदाही विचारलं नाही. सावकाश म्हटलं ते त्याने पाळलं. मे महिन्यातल्या एका रविवारी वाक्य अगदी तयार झालं होतं. तो समोर होता, ठिपका हिरवा होता. पण तिला वाटलं, एखादा शब्द अजून बरा सुचेल. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात भेटू. तोही हो म्हणाला.

बुधवारी तिने धीर करून पाठवलं: "बागेकडची खोली माझी. चहा मी करणार, आणि तू तो ढवळायचा नाहीस. मी येते."

ते परत आलं. खाली यंत्राची ओळ होती: दूरचा सर्व्हर सापडला नाही.

फोल्के हसली. विसरला वाटतं हा पुन्हा. आणि खरं सांगायचं तर तिला थोडं हायसंही वाटलं. धडधडत बसायला आणखी दोन दिवस मिळाले.

दोन दिवसांचे दहा झाले तेव्हा ओतावियाने विचारलं, "मी फोन करून बघू का त्याला? माझ्याकडे त्याच्या घरचा नंबर असेल कुठेतरी."

"फोन कसला करतेस? बिचारा शरमेने मरेल," फोल्केने लिहिलं.

त्यांच्यात तसंच होतं. सर्व्हर बंद पडला म्हणून फोन करणं म्हणजे तुला तुझं घर सांभाळता येत नाही असं तोंडावर सांगणं. हा मान सगळे एकमेकांचा राखत. सर्व्हर दिसत नाही म्हणजे सर्व्हरला काहीतरी झालंय, इतकंच त्या हुशार डोक्यांत यायचं. माणसाला काही झालं असेल हे एकाच्याही मनात आलं नाही.

महिनाअखेरचा अंक दोघींनी कसाबसा काढला. शेवटी रिवाजाप्रमाणे एक गमतीची ओळ लागायची. ती फोल्केने लिहिली: "लीव्हनचा सर्व्हर झोपलाय. जवळ राहणाऱ्यांनी हलवून उठवावं." ओळ सगळ्यांना आवडली. जितक्या भाषांत वार्तापत्र निघायचं तितक्या भाषांत ती गेली.

पुढच्या रविवारी दुपारी फोल्के चहा ओतत होती, आणि लीव्हनच्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला.

तिने किटली तशीच ठेवली. अवसान जायच्या आत तेच वाक्य पुन्हा पाठवलं. एक टिक आली. लगेच दुसरी आली. पोचलं. मग नावाखाली अक्षरं उमटली: लिहीत आहे. थांबली, पुन्हा उमटली. फोल्केने केसांवरून हात फिरवला, जणू तिकडून कोणी बघत होतं.

उत्तर आलं. "नमस्कार. मी हिल्डे, लीव्हनची बहीण. हा कॉम्प्युटर आपला आपणच उघडला आणि तुमचा मेसेज समोर आला. वाचला, माफ करा. तुम्ही फोल्के ना? लीव्हन गेला हो. उद्याच्या सोमवारी तीन आठवडे होतील. बाजारात, सायकल धरून उभा होता तिथेच. घर रिकामं, म्हणून मीच मेन स्विच बंद केला होता. आग वगैरे लागायची भीती. आज आवरायला आले म्हणून लावला. तुम्हाला कळवणार कसं? त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबरच नव्हता."

फोल्केने ते एकदा वाचलं आणि परत वाचलं. सोमवार. म्हणजे वाक्य तयार असलेल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी. तिने तोंडावर हात दाबून धरला तरी आवाज बाहेर आलाच. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून ती लहान मुलासारखी रडली.

बऱ्याच वेळाने तिने पाहिलं तर हिल्डेचं आणखी एक आलं होतं. "एक विचारू का? जिन्याखाली त्याने नवी फळी ठोकून घेतलीय. तिच्यावर एक डबा आहे, सारखा गुणगुणतोय. आम्ही वीज कायमची तोडतोय. हा बंद करू ना?"

"चपलांच्या कपाटात नाही?" फोल्केने विचारलं.

"नाही. कपाट रिकामं आहे. एक कप्पा पुसून ठेवलाय, का कोण जाणे."

साधा शब्द फोल्केला तीनदा टाइप करावा लागला. तिने लिहिलं, "समोरच्या बाजूचं बटण दाबून धरा. दिवा विझेपर्यंत सोडू नका. एकदम तार ओढू नका, बिघडतं ते." मग लिहिलं, "जरा सावकाश करा."

ती ठिपक्याकडे बघत बसली. तो थोडा वेळ हिरवा राहिला आणि मग राखाडी झाला.

निघालेला अंक बदलायचा नाही, चूक पुढच्या अंकात दुरुस्त करायची, हाही त्यांचा नियमच. फोल्केने पुढच्या अंकाचं कोरं पान उघडून लिहिलं: "दुरुस्ती. मागच्या अंकात लीव्हनचा सर्व्हर झोपल्याचं छापलं होतं." यापुढचं वाक्य तिला लिहिता येईना. ओताविया कधीचीच त्या पानावर आलेली होती. तिने लिहिलं, "राहू दे, फोल्के. ते मी लिहिते."

फोल्के लीव्हनच्या खिडकीत परत गेली. काय होणार हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी तिने तेच वाक्य, एकही स्वल्पविराम न बदलता, पुन्हा पाठवलं. ते परत आलं. तिने पुन्हा पाठवलं.