दादाचा डावा हात मी लपवला

हा घोळ माझा, पण आजवर सांगायचा दादा. दादाला जाऊन महिना झाला. ज्या ऑपरेशनची ही गोष्ट, त्याने नाही, यंदाच्या तापाने गेला. आता मलाच सांगावा लागतो. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, जमेल तसा सांगतो.

दादाच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगली होती. आमच्या तामसी गावाहून त्याला हैदराबादला नेलं. डोकं न उघडता, मांडीतून बारीक नळी वर नेऊन तो फुगवटा बंद करायचा होता. तेवढा वेळ दादाच्या हातापायांना तारा लावून एक मॅडम मशीनवर नसा तपासणार होत्या. मॅडम नांदेडच्या निघाल्या, मराठी बोलणाऱ्या.

"हातापायांत आधीपासून काही कमजोरी?" त्यांनी विचारलं.

आता काय सांगू? दादाचा डावा हात लहानपणी बैलबंडीखाली आलेला, मुठीत जोरच नाही. पण आम्ही कापूस विकणारी माणसं. व्यापाऱ्याला ओल दिसली की गाडी परत, म्हणून कोरडा कापूस वर ठेवतो. हात पाहून हे दवाखानेवाले दादालाही परत पाठवतील, असं माझ्या डोक्यात बसलं.

"काहीच नाही मॅडम."

"अबे, हा हात..." दादा म्हणाला.

"तू गप राय."

मॅडमनी बोटं दाबायला सांगितली. मी डाव्या हातावर चादर ओढली. "याला सलाइनची सुई आहे, दुखते." दादाने उजव्याने असं दाबलं की मॅडम म्हणाल्या, "बास, बास."

दादाला आत नेलं. थोड्या वेळाने मॅडम धावत बाहेर आल्या. "नळी अजून घातलीही नाही, आणि डाव्या हाताचा सिग्नल जवळपास नाहीच. हे जुनं आहे का?"

खोटं एकदा बोललो की मला मागे येता येत नाही. "सकाळी तर चांगला होता."

"मग आजचं थांबवावं लागेल. आधी पुन्हा स्कॅन." त्या वळल्या.

मी त्यांच्या वाटेत आडवा आलो. "जुना आहे मॅडम. बंडीखाली आला होता."

"मग लपवलंत कशाला?"

"परत पाठवाल म्हणून."

"अहो, जुनं काय ते माहीत असलं तरच नवीन बिघडलेलं कळतं ना आम्हाला."

ऑपरेशन नीट झालं. दादा शुद्धीवर आला तेव्हा मॅडमनी त्याच्या डाव्या हातात बोटं दिली. "दाबा. पहिल्याइतकाच जोर आहे ना?"

दादाने अर्धवट डोळे उघडून मला शोधलं.

"मले काय विचारता मॅडम? माह्या हाताचे मालक ते तिथं उभे हायेत. त्याईलेच विचारा."