अप्पाच्या फाइलीतलं नाव

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या बसस्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होतो. फोन वहिनींचा. "भावजी, हे गेले... झोपेतच," एवढंच बोलल्या. मला रडण्याआधी एकच आठवलं. आमचं भांडण मिटायचं राहिलं होतं आणि चूक माझी होती.

मन्मथअप्पा उदगीरच्या कापडदुकानदाराचा मुलगा. नांदेडला आम्ही एका खोलीत राहून तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, पुढं लातूरला एकाच कॉलेजात शिकवलं. दुकान सोडून हा आफ्रिकी तत्त्वज्ञानाच्या नादी लागला. तिथल्या अभ्यासकांत जुंपलेलीच असते, आफ्रिकी तत्त्वज्ञान म्हणायचं कशाला? काहींच्या मते अख्ख्या जमातीच्या चालीरीतींत, समजुतींत मुरलेलं असतं तेच. दुसरे म्हणतात, छे, नावगाव असलेल्या माणसानं स्वतः वाद घातला पाहिजे, बाकी सगळी लोकसमजूत. तिसरे म्हणतात, मग खेड्यात जाऊन जाणत्या म्हाताऱ्यांना विचारा, वाद घालणारे तिथंही भेटतील. अप्पा या तिसऱ्यांतला. मी दुसऱ्यांतला, आणि लई ताठ.

हा विषय अभ्यासक्रमात यावा म्हणून अप्पानं टिपण केलं. असा माणूस आपल्याकडंही सापडतो हे दाखवायला तो किनवटच्या जंगलातल्या एका गावी जाऊन आला. तिथं झाड तोडायच्या आधी झाडाची परवानगी घेतात. एक म्हातारा त्याला म्हणाला होता, "इचारतो आम्ही. पण कुऱ्हाड तशीच घेऊन कुणी माघारी आला न्हाई. मंग हे इचारणं कसलं?"

अभ्यासमंडळाच्या बैठकीत हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण टिपणात लिहिलं होतं, 'किनवटकडील एक वृद्ध'. मी तेवढंच धरलं. "अप्पा, एकट्याच्या विचाराचं एवढं सांगतोस आणि तुझ्या माणसाला नावच न्हाई? मग हा गावाचाच आवाज झाला की." अप्पानं चष्मा काढला, पुसला, परत घातला...

"नाव इचारायचं राहिलं रे," म्हणाला.

विषय बारगळला. पुढं चार महिने स्टाफरूममध्ये समोरासमोर चहा प्यालो, शब्द नाही. दोनदा तो माझ्या टेबलापर्यंत आला. मी पेपर तोंडापुढं धरला. माझंच बरोबर होतं ना, मग मी का बोलू, अशी मस्ती होती.

परवा वहिनींनी त्याची फाइल दिली. म्हणाल्या, "तुम्हाला द्यायची म्हणून दोनदा कॉलेजात नेली त्यांनी. तशीच माघारी आणली."

आत प्रत्येक पानावर 'एक वृद्ध' खोडून शाईनं नाव लिहिलंय, जैतू आत्राम. समासात बारीक अक्षरात, 'आक्षेप रमाकांतचा. बरोबर आहे. किनवटला परत जाऊन नाव विचारून आलो.'

त्या बैठकीत मीही अप्पाला विचारलंच होतं. पण कुऱ्हाड घेऊन गेलो होतो.

फाइल आता माझ्या टेबलावर आहे. पुढच्या बैठकीत मीच ती मांडणार आहे. म्हाताऱ्याचं नाव आहे, माझं आहे, पण पहिल्या पानावर अप्पानं स्वतःचं नाव टाकलेलंच नाही. ते लिहायला म्हणून सकाळपासून पेन उघडून बसलोय.